नसलेल्या गावाचं कॅथीड्रल

१९७३ साली बॉस्टनच्या हॉटन मिफ्लिन या प्रकाशनसंस्थेनं मुलांसाठी एक मोठ्या आकाराचं पुस्तक काढलं. नाव ‘कॅथीड्रल’, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च. आतली सगळी चित्रं काळ्या शाईनं, टाकानं काढलेली. लिहिणारा आणि चित्रं काढणारा एकच होता, डेव्हिड मकॉले. जन्म इंग्लंडमधला, १९४६ चा. अकराव्या वर्षी आईवडिलांबरोबर अमेरिकेत गेलेला. ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनमध्ये वास्तुकला शिकलेला. हे त्याचं पहिलंच पुस्तक. खरं तर प्रकाशकाकडे तो घेऊन गेला होता ती गोष्ट वेगळी होती. जुन्या चर्चच्या भिंतींवर विद्रूप तोंडाच्या दगडी आकृती असतात, त्यांच्याविषयीची ती एक गमतीदार कल्पना होती. संपादक वॉल्टर लोरेन यांची नजर मात्र त्या आकृतींच्या मागे काढलेल्या इमारतीवर थांबली. गोष्ट बाजूला ठेव आणि ही इमारत कशी उभी राहिली ते सांग, असं त्यांनी सुचवलं. त्या सूचनेतून मुलांच्या ऐतिहासिक पुस्तकांची एक निराळी वाट निघाली. पुढच्या वर्षी या पुस्तकाला मुलांच्या चित्रपुस्तकांसाठी असलेल्या कॅल्डिकॉट पुरस्काराचा सन्मान मिळाला. त्यानंतर मकॉलेनं त्याच पद्धतीनं रोमन नगर, इजिप्तचा पिरॅमिड, वेल्समधला किल्ला आणि पुढे २००३ मध्ये इस्तंबूलची मशीद बांधून दाखवली.

‘कॅथीड्रल’ची गोष्ट थोडक्यात अशी. फ्रान्समध्ये शुत्रो नावाचं गाव आहे. १२५२ मध्ये तिथल्या जुन्या कॅथीड्रलवर वीज पडते. आसपासची गावं आधीच भव्य कॅथीड्रलं उभारत आहेत. शुत्रोच्या लोकांनाही आपलं कॅथीड्रल सर्वांत मोठं आणि देखणं हवं आहे. विल्यम ऑफ प्लान्झ या वास्तुकाराला बोलावलं जातं. जंगलातून लाकूड येतं, खाणीतून दगड येतो, पाया खणला जातो, भिंती चढू लागतात. पैसे संपतात आणि काम थांबतं. संताचे पवित्र अवशेष लोकांच्या दर्शनाला ठेवून निधी गोळा होतो आणि काम पुन्हा सुरू होतं. वास्तुकार बदलतात. १३३८ मध्ये, ८६ वर्षांनी, कॅथीड्रल पुरं होतं. ज्यांनी पहिली कुदळ मारली त्यांच्यातलं कुणीही तेव्हा हयात नाही. आत येऊन वर पाहणारी माणसं त्यांची नातवंडं-पतवंडं आहेत.

फ्रान्सच्या नकाशावर शुत्रो कुठेही नाही. गाव, बिशप, वास्तुकार, वीज आणि ते कॅथीड्रल, सगळं मकॉलेनं रचलेलं आहे आणि पुस्तकाच्या आरंभीच त्यानं ते सांगून टाकलं आहे. तरीही हे पुस्तक इतिहासाचं आहे, आणि मुलांसाठी लिहिलेल्या इतिहासाच्या पुस्तकांमध्ये ते सर्वांत प्रामाणिक पुस्तकांपैकी एक आहे, असं मला वाटतं. त्याचा प्रामाणिकपणा त्या रचलेपणातूनच येतो. हे पटवायचं तर आधी मुलांच्या ऐतिहासिक पुस्तकातलं चित्र नेमकं कोणतं काम करतं ते पाहायला हवं.

लेखकाला एक सोय असते. त्याला ‘बहुधा’ म्हणता येतं, ‘असं सांगतात’ म्हणता येतं, एखादी गोष्ट गाळून पुढे जाता येतं. चित्रकाराला यातलं काहीच करता येत नाही. राजा दरबारात बसला, हे वाक्य लिहिणाऱ्याला सिंहासनाची उंची ठाऊक असावी लागत नाही. तेच चित्रात काढायचं तर सिंहासनाला पाय किती, खाली काय अंथरलं होतं, राजाची दाढी किती लांब होती, उजेड कुठून येत होता, या सगळ्याची उत्तरं द्यावीच लागतात, पुरावा असो वा नसो. मूल मजकूर विसरतं. चित्र जन्मभर राहतं. महाराष्ट्राला याचा मोठा अनुभव आहे. शिवाजी महाराजांचं समकालीन डच चित्र इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये लोकांपुढे आणलं. त्याआधी इब्राहिमखान नावाच्या भलत्याच सरदाराचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जात होतं आणि लोक ते श्रद्धेनं पाहत होते. त्या काळातल्या मजकुरात चुका नव्हत्या असं नाही. पण मजकुरातली चूक दुसरा मजकूर दुरुस्त करतो. डोळ्यांत बसलेला चेहरा पुसायला पिढी जावी लागते.

मकॉलेपुढेही हीच अडचण होती. त्यानं शुत्रोऐवजी फ्रान्समधलं खरंखुरं शार्त्र निवडलं असतं तर काय झालं असतं? शार्त्रचं जुनं कॅथीड्रल ११९४ च्या आगीत जळालं आणि आजचं उभं राहिलं, एवढं नक्की ठाऊक आहे. पण त्याच्या वास्तुकाराचं नाव कुणालाच माहीत नाही आणि बांधकामाचे हिशेबही उरलेले नाहीत. फ्रान्समधल्याच आमियां इथल्या कॅथीड्रलचं काम १२२० मध्ये सुरू झालं. तिथल्या फरशीवरच्या चक्रव्यूहाच्या नक्षीत रोबेर द ल्यूझार्श, तोमा द कोर्मों आणि त्याचा मुलगा रन्यो अशी तीन नावं कोरलेली होती, म्हणून तिथले वास्तुकार कळतात. पण रोज काम कसं चाले हे त्या नावांवरून कळत नाही. इंग्लंडमधल्या कँटरबरीच्या कॅथीड्रलला ११७४ मध्ये आग लागली आणि तिथल्या जर्व्हेज नावाच्या मठवाशानं पुढच्या काही वर्षांच्या बांधकामाची नोंद ठेवली. विल्यम ऑफ सॅन्स हा वास्तुकार परांचीवरून सुमारे ५० फूट खाली कोसळून जायबंदी झाला, हे आपल्याला त्या नोंदीमुळेच माहीत आहे. एका इमारतीची तारीख मिळते, दुसरीचं नाव मिळतं, तिसरीचा अपघात मिळतो. अथपासून इतिपर्यंत सगळं कुठल्याच एका कॅथीड्रलविषयी मिळत नाही. म्हणजे खऱ्या नावाच्या कॅथीड्रलवर असं पुस्तक काढणाऱ्याला मधल्या जागा कल्पनेनं भराव्याच लागल्या असत्या, आणि त्या सगळ्या कल्पना शार्त्रच्या नावावर खपल्या असत्या. कोणती रेघ पुराव्याची आणि कोणती अंदाजाची हे आठ-दहा वर्षांच्या वाचकाला कळायला काहीच मार्ग नसता. मकॉलेनं सगळंच कल्पित म्हणून जाहीर केलं आणि त्या कल्पित चौकटीत प्रत्येक हत्यार, प्रत्येक सांधा, प्रत्येक क्रम पुराव्याला धरून काढला. ‘बहुधा’ हा शब्द चित्राला लिहिता येत नाही, म्हणून त्यानं तो अख्ख्या गावाच्या नावात घातला.

आणि हा काटेकोरपणा चित्रांत पानोपानी दिसतो. गवंड्याची थापी, पाथरवटाची छिन्नी, सुताराचा वाकस, ओळंबा, गुण्या ही सगळी हत्यारं पुस्तकात सुरुवातीलाच एकेक करून काढून दाखवली आहेत, अशी की मूल पुढच्या पानावरच्या गर्दीत ती कुणाच्या हातात आहेत हे शोधू लागतं. दगडाला हवा तो आकार यावा म्हणून लाकडी साचा लावून तो खाणीतच घडवला जातो, कारण कापून टाकायचा भाग गाडीत भरून आणणं महाग पडतं. हिवाळा आला की अर्धवट भिंतींच्या माथ्यावर गवत आणि शेण टाकून झाकण करतात. थंडीनं ओल गोठली तर चुन्याला तडे जातील. छताचं लाकूडकाम आतल्या दगडी कमानींच्या आधी होतं, हे वाचून मोठी माणसंही चकित होतात. पण चित्र पाहिलं की कारण लगेच कळतं. वरचं छप्पर असलं की खालचं काम पावसापासून वाचतं, आणि छपराच्या तुळयांवर ते मोठं लाकडी चाक बसवता येतं. माणसं त्या चाकाच्या आत शिरून चालतात, चाक फिरतं, दोर गुंडाळला जातो आणि दगड वर चढतो. अशी चाकं काही इंग्लिश चर्चमध्ये आजही वर माळ्यावर आहेत. कँटरबरीच्या मनोऱ्यात एक आहे. कमानीखाली लाकडाचा आधार उभारायचा, त्यावर दोन्ही बाजूंनी दगड चढवत न्यायचे, माथ्यावरचा शेवटचा दगड बसवायचा, चुना वाळेपर्यंत थांबायचं आणि मगच आधार काढायचा. आपल्याकडे स्लॅबखालचं सेंटरिंग काढताना ठेकेदाराच्या कपाळावर जी आठी पडते, तिचं मूळ इथं आहे.

रेघांविषयी थोडं थांबून सांगायला हवं, कारण या पुस्तकाची खरी विद्या तिथं आहे. मकॉले रंग वापरत नाही. एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांनी सावली आणि वजन उभं करतो. पायाच्या खड्ड्यातल्या रेघा दाट, ओल्या, अंधाऱ्या. जसजशी इमारत वर जाते तसा कागदाचा पांढरा रंग वाढत जातो, आणि काचा बसवायच्या वेळपर्यंत पानावर उजेडच उजेड आलेला असतो. कॅथीड्रलच्या भिंती त्या काळात पातळ का होत गेल्या, खिडक्या मोठ्या का होत गेल्या, बाहेरून तिरक्या दगडी कमानींचे हात देऊन भिंतीवरचा भार का उतरवला गेला, हा सगळा तर्क दाट रेघांकडून विरळ रेघांकडे जाणाऱ्या त्या प्रवासात आहे. दृष्टीचा कोन सारखा बदलतो. एका पानावर आपण खड्ड्याच्या तळाशी असतो, पुढच्या पानावर परांचीच्या टोकावरून खाली मुंग्यांएवढी माणसं पाहत असतो. मजकूर काळ सांभाळतो, चित्र वजन सांभाळतं. एक पान उलटताना मध्ये कित्येक वर्षं निघून जातात आणि मुलाला ती पान न्याहाळूनच हुडकावी लागतात: घरांची छपरं तशीच आहेत, भिंत मात्र वर गेली आहे. असा संथ काळ मुलांच्या पुस्तकात मी क्वचितच पाहिला आहे.

या पुस्तकावर घेतला जाणारा पहिला आक्षेप असा, की यात माणूस कुठं आहे? एकही बालनायक नाही, खलनायक नाही, संवाद नाहीत. मुलांना इतिहास गोडीचा करायचा तर गोष्टीला चेहरा हवा, असं शिक्षक आणि प्रकाशक दोघेही सांगतात, आणि त्यांच्या सांगण्यात अनुभव आहे. पुढे या पुस्तकांवर दूरचित्रवाणीसाठी चित्रपट निघाले तेव्हा त्यांत पात्रं, त्यांचे संवाद, त्यांच्यातले ताणतणाव घालावेच लागले. मकॉले स्वतः त्यांत निवेदक म्हणून खऱ्या इमारतींमधून फिरला. ते चित्रपट चांगले आहेत. पण पुस्तकात जी उत्कंठा आहे ती तिथं पातळ झाली, असं माझं मत आहे. पुस्तकातली उत्कंठा भाराची आहे: हे उभं राहील का? हा प्रश्न बनावट नव्हता. फ्रान्समधल्या बोव्हे इथं कारागिरांनी कॅथीड्रलच्या गर्भगृहावरचं दगडी छत ४८ मीटरवर नेलं आणि १२८४ मध्ये त्याचा भाग कोसळला. जर्मनीतल्या कोलोनच्या कॅथीड्रलचं काम १२४८ मध्ये सुरू झालं, मध्ये शतकानुशतकं बंद पडलं, अपुऱ्या मनोऱ्यावर मध्ययुगातली यारी उघड्यावर तशीच उभी राहिली आणि शेवटचा दगड १८८० मध्ये बसला. आधार काढल्यावर कमान टिकते की नाही, हे ज्या मुलाला पान उलटून पाहावंसं वाटतं त्याला नायक लागत नाही. शिवाय नायक आणला की इतिहास त्याच्या आयुष्याएवढा आखूड होतो. ८६ वर्षं चालणाऱ्या कामाला एक नायक पुरणारच नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. असं सुबक, क्रमवार बांधकाम दाखवलं की मुलाच्या मनात जुना काळ सुसंघटित, समाधानी आणि एकदिलानं राबणारा म्हणून ठसतो. कर कुणी भरला, वेठीला कोण धरलं गेलं, परांचीवरून पडलेल्याच्या घरी पुढे काय झालं, हे त्या देखण्या रेघांत बुडून जातं. मकॉलेच्या १९७७ च्या ‘कॅसल’ या पुस्तकाला हा आक्षेप जास्त लागू पडतो, कारण तो किल्ला जिंकलेल्या मुलखाच्या छातीवर बांधलेला आहे. तोही कल्पित आहे. ॲबरवायव्हर्न हे नाव मकॉलेचं. पण तो इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड यानं वेल्स जिंकताना बांधलेल्या किल्ल्यांवरून उभा केला आहे. खरे किल्ले आजही आहेत: कॉनवी, कार्नार्व्हन, हार्लेख, बोमारिस. बोमारिसच्या बांधकामावर असलेल्या मास्टर जेम्स ऑफ सेंट जॉर्ज आणि त्याच्या सहकाऱ्यानं फेब्रुवारी १२९६ मध्ये राजाच्या खजिन्याला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. ४०० गवंडी, २,००० मजूर, २०० खाणकामगार, ३० लोहार आणि सुतार कामावर आहेत असं त्यात म्हटलं आहे, आणि लोकांची मजुरी थकली आहे अशी तक्रारही आहे. एडवर्डच्या किल्ल्यांसाठी इंग्लंडच्या परगण्यांतून खणकरी आणि गवंडी सक्तीनं आणले जात. ‘कॅसल’मधली माणसं मात्र कामात गढलेली दिसतात, ती इतकी लहान आणि पाठमोरी आहेत की त्यांच्यातलं कोण स्वखुशीनं आलं आणि कोण धरून आणलं गेलं हे चित्र सांगत नाही. ही उणीव खरी आहे आणि ती झाकू नये. मकॉलेची नजर वास्तुकाराची आहे. दगडावरचा ताण त्याला जितका स्पष्ट दिसतो तितका माणसावरचा दिसत नाही.

तरीही ‘कॅसल’ विजयाची आरती करत नाही. त्यात शौचकूप आहेत, धान्याची कोठारं आहेत, किल्ल्याला चिकटून वाढणारं गाव आहे. १२९५ मध्ये वेल्सची माणसं त्या किल्ल्याला वेढा घालतात. १२९४ च्या वेल्समधल्या उठावात त्याचा पुढारी मॅडोग अप लुवेलिन याच्या लोकांनी खरोखरच कार्नार्व्हन घेतलं होतं, त्याची ही छाया. आणि शेवटाकडे येताना पुस्तक असं दाखवतं की लोक एकमेकांत मिसळले, गाव भरभराटीला आलं आणि एवढ्या खर्चानं बांधलेल्या किल्ल्याची गरज उरली नाही. शौर्याच्या पुस्तकाला असा शेवट करता आला नसता.

तिसरी शंका अचूकतेची. सगळं पुराव्याला धरून काढलं म्हणता, पण पुरावाच पुढे बदलला तर? मकॉलेनं याचं उत्तर दोन प्रकारे दिलं. १९७९ मध्ये, ‘कॅसल’नंतर दोनच वर्षांनी, त्यानं ‘मोटेल ऑफ द मिस्टरीज’ हे पुस्तक काढलं. त्यात इसवी सन ४०२२ मधला एक हौशी संशोधक अमेरिकेतलं गाडलं गेलेलं मोटेल उकरून काढतो आणि संडासाच्या बैठकीला पवित्र अलंकार ठरवतो. भूतकाळाची पुनर्रचना कुठे घसरते हे त्यानं स्वतःच्या धंद्याच्या मुळाशी जाऊन मुलांना दाखवून दिलं. आणि २०१० मध्ये किल्ला, कॅथीड्रल, मशीद ही तिन्ही एका खंडात आणताना पहिल्या दोन्हींची चित्रं त्यानं नव्यानं, रंगीत काढली. जुन्या काळ्यापांढऱ्या पुस्तकाची सर त्या रंगीत पानांना नाही असं मी म्हणेन. रेघेचा तो ताण रंगात सैल पडतो. पण गाजलेलं पुस्तक पुन्हा काढायला बसणं ही इतिहासकाराची सवय आहे, आणि मुलांच्या लेखकांत ती दुर्मीळ आहे. आज बर्गंडीतल्या गेदलों इथं १९९७ पासून तेराव्या शतकातल्या हत्यारांनी आणि पद्धतींनी एक किल्ला नव्यानं बांधला जात आहे, तिथंही माणसं चाकात चालून दगड वर नेतात. २०१९ च्या आगीनंतर पॅरिसच्या नोत्र दामचं छत कुऱ्हाडीनं तासलेल्या ओकच्या तुळयांनी पुन्हा उभारलं, त्या सुतारांपैकी काही गेदलोंमध्ये हात बसवून आलेले होते. काम करून पाहिल्याशिवाय काम कळत नाही, ही मकॉलेच्या पुस्तकामागची भूमिका तिथं प्रत्यक्ष उभी आहे.

मराठी वाचकाला या पुस्तकाविषयी सांगण्याचं एक खास कारण आहे. दर दिवाळीत हजारो मुलं अंगणात, इमारतीच्या कोपऱ्यात दगड, माती आणि पोती घेऊन किल्ला करतात. हात मातीत घालून इतिहास शिकण्याची इतकी सुंदर रीत दुसरीकडे कुठं असेल असं मला वाटत नाही. पण त्या मुलांना आपण देतो ती किल्ल्यांची पुस्तकं बहुतेक लढायांची असतात. किल्ला त्यांत आधीपासून उभाच असतो. तो कुणी, कशानं, किती उन्हाळ्यांत बांधला हा प्रश्न पुस्तकात येतच नाही. सामग्रीची वाण नाही. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम १६६४ च्या नोव्हेंबरात सुरू झालं आणि सुमारे तीन वर्षांत तो खाऱ्या पाण्यात उभा राहिला. पायाच्या दगडांसाठी शिसं ओतलं गेलं. आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी लागल्या. रायगडावर तो गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकराचा शिलालेख आहे. अनेक गडांवर चुना मळायच्या घाण्याची वर्तुळाकार चर आणि दगडी चाक अजून दिसतं. अजिंठ्याचं चोविसावं लेणं अर्धवट राहिलं आहे आणि डोंगर कोरणाऱ्यांनी काम कुठून सुरू करून कुठं नेलं हे त्याच्या भिंतींवरच वाचता येतं. वेरूळच्या कैलास लेण्याचं तर सगळं काम माथ्याकडून पायाकडे.

यातून मराठी ‘कॅसल’ काढायचा तर शिवकालातल्या कुठल्याही खऱ्या गडाचं नाव त्याला देऊ नये. नाव दिलं की एकेका बुरुजावर वाद होतील आणि वाद टाळायला चित्रकार गुळगुळीत, नक्की माहीत असल्यासारखं काढू लागेल. नकाशावर नसलेला एक जलदुर्ग घ्यावा, समजा सतराव्या शतकातला, कोकणच्या किनाऱ्यावरचा. भरती-ओहोटीच्या वेळा घ्याव्यात, कारण पाया घालायला तेवढेच तास मिळत असणार. चुन्याची भट्टी, शिंपल्यांचे ढीग, घाण्याला जुंपलेला बैल, दगड आणणारे पडाव, पाथरवटांच्या झोपड्या, पावसाचे चार महिने बंद पडणारं काम आणि त्या महिन्यांत मजुरांनी काय खाल्लं हेही काढावं, कारण मकॉलेकडून जे राहिलं तेच आपल्याला त्याच्या पुढे नेऊ शकतं. वेठीला आणलेला माणूस काढताना त्याचा चेहरा मोठा काढावा. आणि राजा पाहणीला येईल तेव्हा तो पानाच्या एका कोपऱ्यात, परांचीवरच्या गवंड्याला वरून जेवढा दिसेल तेवढाच काढावा.